प्रश्न परक्यांचे, व्याकरण इंग्रजीचं

“बाई, ‘आय शॅल गो’ बरोबर की ‘आय विल गो’?” मी इंग्रजी शिकवत होते त्या सगळ्या वर्षांत हा प्रश्न निघाला नाही असा नववीचा वर्ग मला आठवत नाही. उत्तर ठरलेलं असे. प्रथम पुरुषाला शॅल, द्वितीय आणि तृतीय पुरुषाला विल. वचन, निर्धार किंवा धमकी असेल तर नेमकं उलट. मुलं ते वहीत उतरवून घेत आणि सहामाहीच्या पेपरात त्यावरून गाळलेल्या जागा भरत. हा नियम असा चौकटीत बसवून देणारा माणूस भाषेचा मास्तर नव्हता. तो ऑक्सफर्डला भूमितीचा प्राध्यापक होता. नाव जॉन वॉलिस. गणितात अनंतासाठी आडव्या आठासारखं जे चिन्ह काढतात, ते १६५५ साली यानेच वापरात आणलं. त्याच्या दोन वर्षं आधी, १६५३ मध्ये, त्याने इंग्रजीचं व्याकरण छापलं होतं, आणि ते सगळं पुस्तक लॅटिनमध्ये होतं.

लॅटिनमध्ये, कारण ते इंग्रजांसाठी नव्हतंच. युरोपातल्या शिकलेल्या माणसांना इंग्लंडमधले धर्मविषयक ग्रंथ वाचायचे होते आणि ही भाषा त्यांना अवघड जात होती. त्यांची ही अडचण वॉलिसने प्रस्तावनेतच सांगितली आहे. लंडनच्या माणसाला शॅल-विलचा नियम कशाला हवा? त्याच्या तोंडून ते आपसूक येई. अडत होतं ते बाहेरच्याचं, आणि बाहेरच्याने विचारल्याशिवाय आतल्याला आपण काय करतो हे सांगता येत नाही. यादवी युद्धाच्या काळात वॉलिस पार्लमेंटसाठी राजपक्षाची सांकेतिक पत्रं उलगडून देत असे. मला वाटतं, ती सवय त्याला इथे उपयोगी पडली. स्वतःची मातृभाषाही त्याने आधी न पाहिल्यासारखी समोर ठेवली आणि ती काय करते ते नोंदवलं. लॅटिनमध्ये विभक्ती आहेत म्हणून इंग्रजीतही त्या दाखवायच्या, हा आधीच्या व्याकरणकारांचा हट्ट त्याने सोडून दिला.

हा इतिहास मला फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे इंग्रजीच्या व्याकरणाविषयी प्रश्न विचारणारा मुलगा म्हणजे इंग्रजी न येणारा मुलगा, असा समज खोलवर रुजलेला आहे. ज्याचं इंग्रजी चांगलं, तो विचारत नाही. त्याच्या कानाला कळतं, म्हणे. प्रत्यक्षात गेल्या चारशे वर्षांत इंग्रजीविषयी जे नेमकं आणि उपयोगी लिहिलं गेलं, त्यातलं फार मोठं काम कुणा ना कुणा परक्याने विचारलेल्या प्रश्नापासून सुरू झालं आहे.

वॉलिसच्याही सत्तर वर्षं मागे जायला हवं. १५७२ मध्ये पॅरिसमध्ये सेंट बार्थोलोम्यूच्या दिवशी प्रॉटेस्टंटांची कत्तल सुरू झाली आणि जीव वाचवून फ्रान्समधून पळालेली कितीतरी कुटुंबं इंग्लंडला पोचली. त्या निर्वासितांमध्ये झाक बेलो नावाचा एक शिक्षक होता. त्याने १५८० मध्ये फ्रेंच माणसांना इंग्रजी शिकवणारं पुस्तक काढलं आणि १५८६ मध्ये रोजच्या संभाषणांचं दुसरं. या दुसऱ्या पुस्तकाच्या पानावर तीन रकाने आहेत. एकात इंग्रजी वाक्य, एकात त्याचं फ्रेंच, आणि एकात तेच इंग्रजी वाक्य फ्रेंच माणसाने वाचताच उच्चार साधेल अशा फ्रेंच स्पेलिंगमध्ये. आपल्याकडे एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर इंग्रजी बोलायला शिकवणारी जी पुस्तकं मिळतात, त्यांत इंग्रजी वाक्याशेजारी देवनागरीत उच्चार छापलेला असतो. त्या पानांची ही चारशे वर्षांपूर्वीची आजी. संभाषणं कसली, तर सकाळी उठून मुलांना शाळेत पाठवायचं, बाजारात भाव करायचा, पाहुण्यांना जेवायला बसवायचं. परक्या शहरात उद्या दुकान उघडायचं आहे, गिऱ्हाइकाशी बोलायचं आहे, अशा माणसाला जे लागतं ते सगळं. त्याच १५८६ साली विल्यम बुलोकारने इंग्रजीत लिहिलेलं पहिलं इंग्रजी व्याकरण छापलं. इंग्रजीलाही लॅटिनसारखे नियम आहेत हे दाखवून देण्याची त्याची ओढ होती. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली तर शिकणाऱ्याचा हात कुठे जाईल, याविषयी मला शंका नाही.

नाटककार बेन जॉन्सननेही व्याकरण लिहिलं होतं. १६२३ मध्ये त्याच्या घराला आग लागली, ग्रंथसंग्रह जळाला, त्यात व्याकरणाचं हस्तलिखितही गेलं. त्याने ते पुन्हा लिहायला घेतलं आणि त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्याच्या मुखपृष्ठावरच म्हटलं आहे की हे पुस्तक सगळ्या परक्यांच्या हितासाठी आहे. राजदरबारी मान मिळालेला इंग्रज कवी आपल्या भाषेचं व्याकरण परक्यांना अर्पण करतो, यात मला मोठं मन दिसतं.

अठराव्या शतकात प्रश्न विचारणारे बदलले, आणि त्याबरोबर व्याकरणाचा स्वभावही बदलला. व्यापाराने वर आलेल्या इंग्रज कुटुंबांना आता आपलं बोलणं गावंढळ तर ठरणार नाही ना, ही धास्ती होती. परका विचारतो, ‘हे इथे कसं म्हणतात?’ हा नवा विचारणारा म्हणत होता, ‘असं म्हटलं तर लोक हसतील का?’ पहिल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर भाषा न्याहाळावी लागते. दुसऱ्याला कुणीतरी अधिकाराने हो किंवा नाही म्हटलं की पुरतं.

वाक्याच्या शेवटी प्रेपोझिशन नको, हा नियम त्या दुसऱ्या जातीचा. त्याचं मूळ कवी जॉन ड्रायडनच्या १६७२ च्या एका लेखात सापडतं. बेन जॉन्सनच्या वाक्यांतले दोष काढताना त्याने शेवटी लोंबणारं प्रेपोझिशनही दाखवलं, आणि आपल्याही लिखाणात ते आहे असं कबूल केलं. पुढे १६८४ मध्ये स्वतःच्या नाट्यविषयक निबंधाची नवी आवृत्ती काढताना त्याने अशी वाक्यं शोधून शोधून फिरवली. लॅटिनमध्ये असं होत नाही, एवढाच काय तो आधार. इंग्रजी बोलणारी माणसं तेव्हाही ‘हू आर यू टॉकिंग टू’ असंच म्हणत आणि आजही म्हणतात. १७६२ मध्ये रॉबर्ट लोथने आपल्या छोट्या व्याकरणात ही सवय गंभीर लिखाणाला शोभत नाही असं सौम्यपणे म्हटलं, तेही भाषेचा कल तिकडेच आहे हे मान्य करून. त्याच्या मागून आलेल्यांनी ‘शोभत नाही’चं ‘चूक’ केलं. १७९५ मध्ये लिंडली मरे या अमेरिकेहून येऊन यॉर्कजवळ राहिलेल्या वकिलाने तिथल्या क्वेकर मुलींच्या शाळेसाठी व्याकरण रचलं. ते इतकं खपलं की पुढची पन्नास वर्षं इंग्रजी व्याकरण म्हणजे मरे, असं समीकरण होऊन गेलं. नियम, उदाहरण, मग अशुद्ध वाक्यं शुद्ध करा: आमच्या शाळेतल्या प्रश्नपत्रिकेचा हा सांगाडा तिथला आहे.

इंग्रजी आपल्या दारात आलं ते या दिवसांत. माझी तक्रार इथे सुरू होते. आपण परके होतो, पण आपल्या हाती पडली ती इंग्रजांच्या धास्तीतून लिहिलेली पुस्तकं. मराठी मुलाचे प्रश्न बेलोच्या निर्वासितांच्या जातीचे होते. त्याला उत्तरं मिळाली ती यॉर्कच्या मुलींसाठी तयार झालेली.

त्या साच्याचा वचक एवढा होता की आपण मराठीकडेही त्यातून पाहू लागलो. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ चं. त्यांनी संस्कृत परंपरा सोडली नाही, तरी मांडणीसाठी इंग्रजी व्याकरणाचा नमुना डोळ्यांसमोर ठेवला. स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह ही आज आपल्याला मराठीचीच वाटणारी चिन्हं इंग्रजीवरून आली आणि मेजर कँडींनी १८५० मध्ये त्यांची परिभाषा लिहून ती बसवून दिली. मोरो केशव दामल्यांनी १९११ मध्ये ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ लिहिलं, तोवर हे इंग्रजी वळण अंगवळणी पडून गेलं होतं. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघालं, १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक झाली, आणि इंग्रजीचं व्याकरण हा मार्कांचा, पुढे नोकरीचा विषय झाला. मार्क आले की प्रश्न कमी होतात. विचारून वेळ कशाला घालवायचा, पाठ केलेलं बरं.

तर्खडकरांचंच नाव लागलेली भाषांतर पाठमाला मात्र मी वेगळी काढते. तीन भागांतल्या या पुस्तकांवर आमच्या आधीच्या कितीतरी पिढ्या वाढल्या. त्यांतली एकमेकांशी संबंध नसलेली वाक्यं हा पुढे चेष्टेचा विषय झाला, ते मला कधी पटलं नाही. पाठमालेची पद्धत साधी: थोडे शब्द, एक नियम, मग मराठी वाक्यांचं इंग्रजी आणि इंग्रजी वाक्यांचं मराठी. ही पद्धत युरोपात जर्मन शिक्षकांनी घडवली होती. पण पाठमालेच्या कर्त्याला एक गोष्ट ठाऊक होती जी लंडनच्या किंवा यॉर्कच्या व्याकरणकाराला ठाऊक असणं शक्य नव्हतं. शिकणाऱ्याच्या डोक्यात आधी मराठी वाक्य तयार होतं, हे त्याला माहीत होतं.

हे किती महत्त्वाचं आहे ते एका चुकीत नीट दिसतं. मुलगा म्हणतो, ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टू इयर्स.’ शिक्षक लाल शाईने ‘सिन्स’ खोडतो, ‘फॉर’ लिहितो; ‘ॲम लिव्हिंग’ खोडतो, ‘हॅव बीन लिव्हिंग’ लिहितो. मुलाने मनात म्हटलेलं असतं, ‘मी दोन वर्षांपासून इथे राहतो.’ मराठीत ‘सोमवारपासून’ आणि ‘दोन वर्षांपासून’ या दोन्हींना एकच ‘पासून’ चालतं, आणि काम अजून चालू असेल तर क्रियापद सरळ वर्तमानकाळात येतं. मुलाने मराठीचे दोन नियम निर्दोष पाळलेले असतात. फ्रेंच आणि जर्मन भाषांतही हे थेट असंच आहे: दोन्हीसाठी एक शब्द, क्रियापद वर्तमानकाळात. म्हणून पॅरिसचा विद्यार्थी आणि कराडचा विद्यार्थी हुबेहूब तीच चूक करतात. ‘सिन्स की फॉर’ हा प्रश्न जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्याच्या स्वप्नातही येत नाही, आणि जगभरच्या इंग्रजीच्या वर्गांत तो पहिल्या दहांत असेल.

पाठमालेनंतर आमच्या शाळेच्या कपाटात आलं रेन आणि मार्टिन. त्यातले पी. सी. रेन हे मुंबई इलाख्यात, कराचीच्या शाळेत हेडमास्तर होते. १९०३ पासून १९१७ पर्यंत ते हिंदुस्थानच्या शिक्षणखात्यात होते. इंग्लंडला परतल्यावर १९२४ मध्ये त्यांनी फ्रेंच फॉरिन लीजनवर ‘बो जेस्ट’ ही साहसकथा लिहिली आणि जगभर नाव मिळवलं. १९३५ मध्ये मार्टिन यांच्याबरोबर त्यांचं हायस्कूलसाठीचं व्याकरण आलं, आणि ते पुस्तक सुधारत सुधारत आजही छापलं जातं. त्याची शिस्त मला आवडते. व्याख्या नेमक्या, सरावाची वाक्यं भरपूर. पण कोणताही ‘का’ विचारला की ते पुस्तक गप्प होतं.

आणि मुलं ‘का’च विचारतात. ‘ही गोज’ला एस का, आणि ‘दे गो’ला का नाही? अनेकवचनाला एस लागतो असं तुम्हीच सांगितलंत, मग इथे एकवचनाला कसा? इतका तर्कशुद्ध प्रश्न, आणि त्याला ‘नियम आहे’ एवढंच उत्तर. खरं उत्तर सांगण्यासारखं आहे. जुन्या इंग्रजीत प्रत्येक पुरुषाला वेगळा प्रत्यय होता, आपल्या ‘जातो, जातोस, जातात’सारखा. शतकाशतकांत ते झिजत गेले. तृतीय पुरुषी एकवचनाला दक्षिणेकडे ‘गोएथ’सारखा ‘एथ’ होता आणि उत्तर इंग्लंडमध्ये ‘एस’. शेक्सपिअरच्या नाटकांत दोन्ही सापडतात. सतराव्या शतकात उत्तरेचा एस जिंकला, बाकीचे प्रत्यय गेले, आणि हा एकटा उरला. नामाच्या अनेकवचनाच्या एसशी त्याचं काही नातं नाही. हे सांगितल्यावर मुलं एस विसरायची थांबतात असं नाही, पण आपण विचारलं त्यात तथ्य होतं हे त्यांना कळतं, आणि पुढचा हात वर येतो.

‘अ’ आणि ‘ॲन’चं तसंच. ‘अंब्रेला’ला ॲन, मग ‘युनिव्हर्सिटी’ला अ कसा, अक्षर तर एकच? उच्चाराकडे बघ, अक्षराकडे नको, हे उत्तर पुस्तकात आहे. त्याच्या मागची गोष्ट नाही. मुळात शब्द ‘ॲन’च होता, ‘एक’ या अर्थाचा, ‘वन’चाच सख्खा भाऊ. व्यंजनापुढे त्याचा न गळत गेला. मग खुद्द इंग्रजांचाच गोंधळ उडू लागला की न कुणाचा, आधीच्या शब्दाचा की पुढच्या. स्वयंपाक करताना बांधायचा ‘नॅप्रन’ होता. ‘अ नॅप्रन’ म्हणता म्हणता लोकांनी ते ‘ॲन एप्रन’ असं तोडलं आणि एप्रन कायमचा झाला. ‘नॅडर’ सापाचा ‘ॲडर’ असाच झाला. ज्या जागी आमची मुलं अडखळतात, त्याच जागी ती भाषा बोलणारे पिढ्यान्‌पिढ्या अडखळले आणि त्यांचं अडखळणं शब्दकोशात जाऊन बसलं.

अशी उत्तरं शोधून काढण्याचं काम कुणी केलं, हे पाहिलं तर पुन्हा परकेच भेटतात. हेंड्रिक पाऊट्स्मा हे ॲमस्टरडॅमच्या शाळेतले शिक्षक. १९०४ ते १९२९ अशी पंचवीस वर्षं त्यांचं इंग्रजीचं बृहद्‌व्याकरण खंडाखंडाने निघत होतं. डेन्मार्कचे ओटो येस्पर्सन यांच्या सात खंडांच्या व्याकरणाचा पहिला खंड १९०९ चा आणि शेवटचा १९४९ चा; ते १९४३ मध्ये वारले, शेवटचा खंड सहकाऱ्यांनी पुरा केला. दोघांनीही ‘असं म्हणावं’ ऐवजी ‘असं म्हटलेलं आढळतं’ ही वाट धरली आणि कादंबऱ्या, नाटकं, वर्तमानपत्रं वाचून हजारो वाक्यं टिपली. ज्याला ती भाषा शिकावी लागली, त्यालाच तिच्यातलं काय विचारण्यासारखं आहे हे दिसलं.

त्या रीतीने शॅल-विललाही तपासून पाहिलं गेलं. इंग्लंडमध्ये फाउलर बंधूंनी १९०६ च्या आपल्या पुस्तकात त्यावर पानंच्या पानं लिहिली होती, आणि दक्षिण इंग्लंडमध्ये न जन्मलेल्याला हे साधणं जवळजवळ अशक्य असा निर्वाळाही दिला होता. जुन्या पुस्तकांत एका बुडणाऱ्या आयरिश माणसाची गोष्ट असे. तो ओरडतो, ‘आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी!’ नियमाप्रमाणे अर्थ होतो, मी बुडणारच, कुणी मला वाचवायचं नाही. म्हणून काठावरचे लोक त्याला बुडू देतात. ही गोष्ट मी वर्गात कधी सांगितली नाही. मदत मागणाऱ्याच्या व्याकरणावर हसायला लावणारी गोष्ट मुलांच्या कानावर कशाला घालायची? १९२५ मध्ये अमेरिकेत चार्ल्स फ्रीझ यांनी कित्येक शतकांची इंग्रजी नाटकं घेऊन त्यांतले शॅल आणि विल मोजले. प्रथम पुरुषाबरोबरही विलच जास्त निघाले. बुडणारा आयरिश माणूस बहुसंख्य लोकांसारखंच बोलत होता. आमच्या शाळांत मात्र गाळलेल्या जागा त्यानंतरही कित्येक दशकं भरल्या जात होत्या.

शिकणाऱ्यासाठीच म्हणून जन्मलेली साधनं पुढे तयार झाली ती लंडनमध्ये नाही, ढाक्याला आणि तोक्योला. मायकेल वेस्ट हे ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते. बंगाली मुलांना इंग्रजी वाचायचं असतं, पण शब्दकोशातला अर्थच मूळ शब्दापेक्षा अवघड असतो, हे त्यांनी पाहिलं. १९३५ मध्ये त्यांनी एंडिकॉट यांच्यासोबत असा कोश काढला की त्यातले सुमारे चोवीस हजार शब्द आणि वाक्प्रयोग फक्त १४९० सोप्या शब्दांत समजावलेले होते.

ए. एस. हॉर्नबी १९२४ मध्ये जपानमध्ये ओइताच्या कॉलेजात साहित्य शिकवायला गेले. विद्यार्थ्यांना साहित्याआधी भाषा हवी आहे हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि तोक्योत हॅरल्ड पामर यांनी १९२३ मध्ये उभ्या केलेल्या संस्थेच्या कामात ते ओढले गेले. जपानी विद्यार्थ्यांचे प्रश्न आमच्या मुलांचेच: ‘इन्फर्मेशन’चं अनेकवचन का होत नाही? ‘टेल मी’ चालतं, मग ‘एक्स्प्लेन मी’ का चालत नाही? जुन्या कोशात याचं उत्तर नव्हतं, कारण जुना कोश शब्दाचा अर्थ सांगून थांबे. हॉर्नबी, गेटन्बी आणि वेकफील्ड यांनी नव्या कोशात प्रत्येक क्रियापदापुढे त्याच्या वाक्यरचनेचा नमुना क्रमांक घातला. असे पंचवीस नमुने होते. नामापुढे ते मोजता येतं की नाही याची खूण केली. म्हणजे ‘फर्निचर’ काढून पाहिलं की कळे: याला एस नाही, ‘अ’ नाही, एक टेबल सांगायचं तर ‘अ पीस ऑफ फर्निचर’. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला, हॉर्नबी आता शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले आणि १९४२ मध्ये त्यांना मायदेशी पाठवण्यात आलं. त्याच वर्षी तोक्योच्या काइताकुशा प्रकाशनाने तो कोश छापला. इंग्रजांशी युद्ध चालू असताना इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा सर्वांत चांगला कोश शत्रूच्या राजधानीत निघाला. १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो जसाच्या तसा पुनर्मुद्रित केला, आणि तोच पुढे ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स’ म्हणून जगभर गेला.

बी.एड.च्या दिवसांत तो माझ्या हाती आला. ‘डिस्कस’ या शब्दाखाली पाहिलं तर त्याच्यापुढे ‘अबाउट’ नव्हतं. नमुना क्रमांकाने सांगितलं की कर्म सरळ येतं. एवढंसं उत्तर, पण ते कुणाच्या कानावर अवलंबून नव्हतं. ज्याच्या घरात कुणी इंग्रजी बोलत नाही, अशा मुलीलाही ते पान उघडून तपासता येत होतं. त्या कोशाच्या मिळकतीतला बराचसा पैसा हॉर्नबींनी १९६१ मध्ये एक ट्रस्ट काढून त्यात घातला, आणि आमच्यासारख्या देशांतल्या इंग्रजी शिक्षकांना त्यातून इंग्लंडमध्ये शिकायला शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. पुढे १९८० मध्ये मायकेल स्वान यांनी शिकणाऱ्यांच्या अडचणीच वर्णानुक्रमाने लावून पुस्तक केलं. तिथे प्रश्न हीच प्रकरणांची नावं झाली.

महाराष्ट्राचा या इतिहासातला खरा वाटा कोल्हापूरचा आहे, आणि तो आपल्याकडे फारच थोड्यांना माहीत आहे. अमेरिकेत ब्राउन विद्यापीठात १९६१ साली छापलेल्या इंग्रजीतून प्रत्येकी दोन हजार शब्दांचे पाचशे नमुने घेऊन दहा लाख शब्दांचा साठा संगणकावर उतरवला गेला होता. ब्रिटिश इंग्रजीचा तसाच साठा मागाहून झाला. शिवाजी विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांनी भारतीय इंग्रजीसाठी तेच करायचं ठरवलं. १९७८ साली भारतात छापलेली वर्तमानपत्रं, सरकारी कागदपत्रं, शास्त्रीय लेख, कथा-कादंबऱ्या यांतून पाचशे नमुने, दहा लाख शब्द. १९८६ मध्ये ते काम पुरं झालं आणि नॉर्वेतल्या बर्गनच्या केंद्रातून जगभरच्या अभ्यासकांना मिळू लागलं. त्याला कोल्हापूर कॉर्पस असंच म्हणतात.

‘डिस्कस अबाउट’, ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ हे प्रयोग आपल्याकडे चुका म्हणून तीन पिढ्या खोडले गेले. ते खरंच किती होतात, छापील मजकुरात येतात की फक्त बोलण्यात, कोणत्या तऱ्हेच्या लिखाणात येतात, हे आता कुणाच्या मतावर सोडायची गरज राहिली नाही. शास्त्री पुढे बर्लिनच्या गेरहार्ट लाइट्नर यांच्याबरोबर इंटरनॅशनल कॉर्पस ऑफ इंग्लिशच्या भारतीय भागावर काम करत राहिले. तो साठाही पाचशे नमुन्यांचा, पण त्यातले तीनशे बोलण्याचे आहेत: फोनवरचं बोलणं, सभागृहातले वाद, मुलाखती, आणि वर्गांत ध्वनिमुद्रित केलेले तास, ज्यांत शिक्षक बोलतात आणि विद्यार्थीही.